बाबांचं उठणं: भेटताना आणि निघताना आपण नेमकं काय करतो?

पाऊलवाट

गेली दोन वर्षं मला वाटत होतं की बाबा माझ्यावर नाराज आहेत.

कारण सांगायला गेलं तर किरकोळ आहे. पूर्वी मी घरी गेले की बाबा खुर्चीतून उठायचे. दारापर्यंत यायचे, "आलीस?" म्हणायचे आणि हातातली पिशवी घ्यायचे. पिशवी रिकामी असली तरी घ्यायचे. निघताना पुन्हा दारापर्यंत, मग जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. वळणावर मी वर बघायचे, तर कठड्यावर हात ठेवून उभे असायचे. मग हे सगळं बंद झालं. आता बसल्या जागेवरून "ये" म्हणतात, हातात पेपर तसाच. निघते म्हटलं की "बरं." बाकी गप्पा होतात, तब्येतीची चौकशी होते, कुठे काही कमी नाही. पण परत येताना वाटभर काहीतरी टोचत राहायचं. काय चुकलं असेल याची मी मनात उजळणी करायचे. मागे पैशांवरून बोलणं झालं होतं ते? की दादाची बाजू घेतली नाही ते?

गेल्या महिन्यात न राहवून आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, तूच सांगितलंस ना त्यांना, उठू नका म्हणून."

सांगितलं होतं खरं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची गोष्ट. ते हातांवर भार देऊन उठायला बघत होते आणि मी दारातूनच म्हणाले होते, "बाबा, नका हो उठू. मी काय पाहुणी आहे का?" काळजीपोटीच बोलले होते. त्यांनी ऐकलं. सहा महिन्यांत गुडघा बरा झाला, पण ते वाक्य मागे घ्यायचं माझ्या लक्षातच आलं नाही. आई पुढे म्हणाली, "तू यायच्या दिवशी खुर्ची जरा फिरवून ठेवतात, दार दिसेल अशी. पाहिलं नाहीस?"

नव्हतं पाहिलं. दोन वर्षं मी त्या खुर्चीसमोर बसून चहूकडच्या गप्पा मारत होते आणि खुर्ची फिरवलेली आहे हे मला दिसलं नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. भेटल्यावर आणि निघताना आपण जे काही करतो ते शिष्टाचार म्हणून, असं मी धरून चालले होते. आता वाटतं, हे नात्यातल्या रिकाम्या जागेसाठी असतं. कुठलंही नातं सलग नसतं. दोन भेटींच्या मध्ये तास असतात, वर्षं असतात, आणि त्या वेळात समोरच्याच्या मनात आपण आहोत की नाही हे कळायला मार्ग नसतो. भेटल्याबरोबर जे घडतं त्यातून कळतं की मधल्या काळात काही तुटलेलं नाही. निघताना जे घडतं ते येणाऱ्या काळासाठी असतं. ऑफिसात सकाळी ज्याला नीट हसून बोललो तोच दहा मिनिटांनी पॅसेजमध्ये पुन्हा भेटला तर नुसती मान हलवतो, कारण मध्ये काही साचलेलंच नसतं. तीन वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीचा हात मात्र पहिली पाच मिनिटं सोडवत नाही.

तुमच्याकडे असं काही आहे का, जे थांबल्यावरच कळलं की तो नमस्कार होता, किंवा तो निरोप होता?

शब्दवेडा

पिशवी रिकामी असली तरी घ्यायचे, इथे थांबलो. तीच तर खूण आहे. ओझं घ्यायचंच नव्हतं त्यांना.

मराठीतले दोन शब्द मी नेहमी शेजारी शेजारी ठेवून बघतो. भेट म्हणजे दोघांचं समोरासमोर येणं, आणि भेट म्हणजे कुणाच्या हातात ठेवलेली वस्तूसुद्धा. निरोप म्हणजे रजा घेणं, आणि निरोप म्हणजे कुणाकरवी पाठवलेला मजकूरही. येताना काही द्यायचं, जाताना काही सांगून जायचं, हे भाषेतच बसलेलं आहे. नातं संपलं की आपण "त्यांचं आमचं काही देणंघेणं नाही" म्हणतो, ते उगाच नाही.

अभ्यासकांनीही याकडे बघितलंय. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहून आलेले मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ साली मांडलं की "काय, कसं काय?" छापाच्या बोलण्यातून माहिती पोचतच नाही, माणसं फक्त एकमेकांशी जोडली जातात, आणि तेच त्याचं काम. म्हणून "बरं आहे" एवढंच उत्तर पुरतं. पुढे १९७१ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी भेटीच्या दोन टोकांना कंसाची उपमा दिली. कंस उघडला की आपण एकमेकांना उपलब्ध, मिटला की नाही. धागाकर्तीने पॅसेजचं उदाहरण दिलंय, त्यावरही त्यांनी लिहिलं आहे.

मला जास्त ओढ आहे ती निघतानाच्या शब्दांची. जगभरच्या भाषांत त्यांचे ढोबळमानाने दोन मोठे गट दिसतात. एका गटात पुन्हा भेटण्याचा वायदा असतो: फ्रेंच 'ओ रव्वार', जर्मन 'आउफ वीडरझेएन', रशियन 'दा स्विदानिया'. सगळ्यांचा रोख पुन्हा दिसण्याकडे. आपण निघताना "येतो" म्हणतो ते याच घरातलं. दुसऱ्या गटात माणसाला देवाच्या हवाली केलेलं असतं. इंग्रजीतलं 'गुडबाय' म्हणजे 'देव तुझ्यासोबत असो' हे वाक्य झिजून झिजून उरलेला तुकडा. स्पॅनिश 'आदिओस' आणि फ्रेंच 'आद्यू' यांतही देवच आहे. एकतर आपण परत भेटू, नाहीतर मी नसेन तिथे तुला कुणीतरी सांभाळो. निघणाऱ्याला याहून वेगळं काय द्यायचं असतं?

नदीकाठ

मला वेगळं वाटतं, स्पष्टच लिहितो. जिथे जवळीक खरी असते तिथे यातलं काही लागत नाही. मी आणि माझा भाऊ बावीस वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये काम करतोय. सकाळी तो येतो आणि एकदम विचारतो, "ते बेअरिंग बसलं का?" काल संध्याकाळी सोडलेलं वाक्य तो आज सकाळी पुढे नेतो. संध्याकाळी हात पुसून निघून जातो. एकदाही "येतो" म्हणाला नाही आणि मलाही कधी काही कमी वाटलं नाही. उलट एखाद्या दिवशी तो दारात थांबून नीट निरोप घ्यायला लागला, तर माझ्या पोटात गोळा येईल. विचारपूस, हात हलवणं, हे परक्यांसाठी असतं. घरात त्याची गरज पडायला लागली की समजावं, घर थोडं परकं झालंय.

बोबडे_बोल

@नदीकाठ, तुमचं मोठ्यांपुरतं बरोबर असेलही. मी बालवाडीत शिकवते. लहान मुलांच्या बाबतीत हे सपशेल उलट आहे.

दरवर्षी पहिल्या आठवड्यात काही पालक मुलाचा डोळा चुकवून निघून जातात. मूल ठोकळ्यांत रमलंय असं बघायचं आणि मागच्या मागे सटकायचं, म्हणजे रडारड नको. त्या क्षणी रडणं वाचतं हे खरं. पण मग ते मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. एक मुलगा ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा आणि प्रत्येक ठोकळ्यानंतर मान वळवून दार बघायचा. त्याला कळलं होतं की आपण खेळात रमलो की आई नाहीशी होते. म्हणजे रमणंच धोक्याचं. आठवडाभर त्याने मनोरा काही बांधला नाही.

त्याच्या आईला मी सांगितलं, रडला तरी चालेल, सांगून जा. आणि "चार वाजता येते" असं सांगू नका, त्याला घड्याळ कळत नाही. "झोपून उठलास की मी दारात असेन" असं सांगा, आणि तेव्हा दारात हजर राहाच. पहिले तीन दिवस तो मोठ्याने रडला. चौथ्या दिवशी रडून झालं आणि तो ठोकळ्यांकडे गेला.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचा प्रयोग आम्हाला प्रशिक्षणात होता. साधारण वर्ष-दीड वर्षाचं मूल, अनोळखी खोली, आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परत येते. मला वाटायचं, आई गेल्यावर मूल किती रडतं ते मोजत असतील. पण त्यांनी सर्वांत बारकाईने बघितलं ते आई परत आल्यावर मूल काय करतं. तिच्याकडे झेपावून शांत होतं, की तोंड फिरवतं, की कडेवर घेऊनही धुमसत राहतं. नात्याचा अंदाज प्रामुख्याने त्यावरून बांधायचा. ते वाचल्यापासून मुलं घ्यायला येणाऱ्या पालकांना मी एकच विनंती करते. फोन खिशात ठेवून या. मूल धावत येतं ना, तेव्हा त्याला तुमचा चेहरा दिसू दे.

कोरा_कागद

फोनचं अगदी पटलं. आमच्या घरात दार उघडल्याचा आवाज आला की पूर्वी सगळे बघायचे. आता कोण आलं हे चपलांवरून कळतं. आजपासून निदान मी तरी मान वर करणार.

रात्रपाळी

मी नर्स आहे. पेशंटला रोज नव्या माणसांच्या हाती सोपवलं जातं, दर आठ तासांनी. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कामाचाच भाग आहे.

केट ग्रेंजर नावाच्या ब्रिटिश डॉक्टर होत्या. कर्करोगामुळे स्वतःच पेशंट झाल्या. २०१३ मध्ये हॉस्पिटलात असताना त्यांच्या लक्षात आलं की उपचार करायला येणारे कितीतरी जण आपलं नावही सांगत नाहीत. त्यांनी 'हॅलो, माझं नाव अमुक' एवढ्याच वाक्याची मोहीम काढली आणि ती खूप देशांत पोचली. २०१६ मध्ये त्या गेल्या. मी नवीन होते तेव्हा हे वाचलं आणि नाव सांगायला लागले.

पण निघताना सांगायची सवय मला एका पेशंटने लावली. आजोबा होते, बरेच दिवस वॉर्डात होते. मी दोन दिवस सुटीवर होते. परत आले तर माझ्याकडे बघेनात. बीपी घेताना हळूच म्हणाले, "परवा न सांगता गेलीस." त्यांच्या बाजूने विचार केला तेव्हा कळलं. ते पलंगावर पडून. त्यांच्या जगात माणसं दारातून येतात आणि दारातूनच नाहीशी होतात. कोण परत येणार, कोण नाही, काही कळायला मार्ग नाही. तेव्हापासून ड्युटी संपली की प्रत्येक पलंगाशी जाऊन सांगते: "मी निघते आता. रात्री दुसऱ्या सिस्टर आहेत, त्यांना तुमचं सगळं सांगितलंय. उद्या माझी सुट्टी, परवा भेटू." पंधरा-वीस सेकंद लागतात.

आणखी एक. डॉक्टर तपासून वळले, दाराशी पोचले की मागून आवाज येतो, "डॉक्टर, एक विचारायचं होतं..." आधीच्या दहा मिनिटांत न निघालेली गोष्ट तेव्हा निघते. असं का होतं, शब्दवेडा सांगू शकतील का?

शब्दवेडा

@रात्रपाळी, थोडंफार सांगता येईल. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स यांनी १९७३ मध्ये फोनवरच्या बोलण्याचा शेवट कसा होतो यावर लिहिलं. संभाषण आपोआप संपत नाही. दोघांना मिळून ते संपवावं लागतं. आधी एकजण "बरं", "चला मग" असं काहीतरी म्हणतो. म्हणजे माझ्याकडचं संपलं, तुझं काही राहिलंय का? दुसऱ्यानेही "बरं" म्हटलं तरच दार मिटतं. राहिलेलं बोलायची ती शेवटची फट. तुमच्या पेशंटला ती डॉक्टरांच्या पाठमोऱ्या होण्यात दिसते.

आपल्याकडे ही फट "ठेवू का?" या दोन शब्दांत आहे. माझी आई फोनवर वीस मिनिटं इतरांचं सांगते. मग मी "ठेवू का?" म्हणतो आणि ती म्हणते, "हो ठेव... तसं काही नाही, दोन दिवस जरा चक्कर येतेय." मी पूर्वी घाईत असलो की "ठेवू का" न म्हणता "चल, ठेवतो" म्हणायचो. म्हणजे तिची फट मीच बुजवत होतो. आता विचारतो आणि विचारून झाल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहतो.

@नदीकाठ, तुमच्या बाजूचाही एक पुरावा देतो. २०२१ मध्ये राफाएला हीसन आणि सहकाऱ्यांनी चिंपांझी आणि त्यांचेच जवळचे भाऊबंद असलेले बोनोबो वानर यांच्या बाराशेहून अधिक भेटी तपासल्या. खेळ किंवा अंग साफ करणं सुरू करताना आणि थांबवताना ते एकमेकांकडे बघतात, हात लावतात, खुणा करतात. निघतानाच्या खुणा बोनोबोंमध्ये ९२ टक्के आणि चिंपांझींमध्ये ८६ टक्के भेटींत आढळल्या. आणि बोनोबोंमध्ये जितकी जवळीक जास्त, तितका हा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग लहान होता.

नदीकाठ

लहान होता. नव्हता असं नाही. कळलं.

माझं मत मी बदलत नाही. पण काल रात्री हे वाचून एक दिवस आठवला, तो लिहितो. भावाच्या मुलाचा अपघात झाला होता. तीन दिवस भाऊ आला नाही. चौथ्या दिवशी आला आणि माझ्या लेथजवळ उभा राहिला. बोलला काहीच नाही. मी मशीन बंद केलं. जॉब अर्ध्यावर होता, असं मी कधी करत नाही. मशीन फिरायचं थांबेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडेच बघत होतो. मग तो त्याच्या टेबलाकडे गेला आणि मी पुन्हा चालू केलं. मुलगा आता बरा आहे.

शब्द लागत नाहीत, हे माझं म्हणणं कायम आहे.

अर्धं_पत्र

माझी जिवलग मैत्रीण एके दिवशी उत्तर द्यायची थांबली. भांडण नाही, काही नाही. मेसेज पोचतात, वाचले जातात. अकरा वर्षांची मैत्री. आता मी तिच्यासाठी रडायचं की तिची वाट बघायची, हेच ठरत नाही. "आता आपलं जमत नाही" असं एक वाक्य लिहून ती गेली असती, तर मी खूप रडले असते आणि मग कधीतरी थांबले असते.

पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा दुःखाला नाव दिलं. धूसर हानी म्हणता येईल. माणूस आहे की गेला, हेच नक्की नाही, म्हणून दुःख जागच्या जागी गोठून राहतं. माझं दुःख त्यांच्याएवढं नाही हे मला कळतं. पण नाव मिळाल्यावर जरा हलकं वाटलं.

सायंतारा

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

२०२० मध्ये आई गेली तेव्हा आम्हाला आत सोडलं नाही. तिथल्या सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून दिला. आईचे डोळे मिटलेले होते. मी म्हणाले, "आई, मी आहे." पुढे काही सुचेचना. पाच मिनिटं मी फक्त तेवढंच म्हणत राहिले. मग शेवटी "ठेवू का?" म्हणाले. सवयीने तोंडून निघालं. चार वर्षं झाली तरी ते "ठेवू का?" माझ्या कानातून जात नाही. तिच्याशी शेवटचं मी हे बोलले?

रात्रपाळी

@सायंतारा ताई, त्या वर्षी मीही असे फोन धरले आहेत. तुमच्या आईजवळ मी नव्हते, पण पलंगाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते.

"मी आहे" हेच बहुतेक जण म्हणायचे. मोठं बोलणं कुणालाच सुचायचं नाही. आणि कॉल बंद झाल्यावर मी फोन लगेच काढायचे नाही, थोडा वेळ कानाशी तसाच ठेवायचे. मग त्यांच्या कानात सांगायचे की तुमची मुलगी होती, तिचं बोलणं झालं. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा एक अभ्यास आला. अखेरच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूने आवाजाला प्रतिसाद दिल्याचं त्यात दिसलं. शब्द समजले का, हे कुणी सांगू शकत नाही. मी तरी ऐकू येतंय असं धरूनच काम करते.

आणि "ठेवू का?" बद्दल. वर शब्दवेडांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. ठेवू का म्हणजे, तुझं काही राहिलंय का, मी अजून ऐकतेय. तुम्ही आईला विचारून फोन ठेवलात.

सायंतारा

वाचलं. रडले. बरं वाटतंय. पुन्हा येईन लिहायला.

पाऊलवाट

सगळ्यांचं वाचत होते, उत्तर द्यायला उशीर झाला. रविवारी घरी जाऊन आले.

जिन्यात ठरवलं होतं काय काय बोलायचं ते. माफी मागायची, आईने सांगितल्याचं सांगायचं. दार उघडंच होतं आणि खुर्ची खरोखरच फिरवलेली होती. बाबांनी पेपर खाली केला, "ये" म्हणाले.

मी आत गेलेच नाही. पिशवी धरून उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी एकदा बघितलं, पेपर वर केला, पुन्हा खाली केला. मी म्हटलं, "बाबा, पिशवी घेता का?"

त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. आधी उजवा हात खुर्चीच्या हातावर, मग डावा. मग जरा पुढे झुकून थांबले. मला धावत जाऊन धरावंसं वाटत होतं, नाही गेले. उठले. सहा-सात पावलं असतील. माझ्या हातातून पिशवी घेतली, वजन बघितल्यासारखी एकदा वर-खाली केली आणि म्हणाले, "आलीस?"